आकाशात न गेलेले चाळीस तुकडे

मित्रांनो, उज्जैनला मक्सी रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात शिरलात, तर डाव्या हाताला मेणकापडाखाली म्हशीएवढं काहीतरी बसलेलं दिसेल. तो मी. मला लेथ म्हणतात. लोखंडाचा दांडा माझ्या चकात, म्हणजे जबड्यात, घट्ट धरायचा, मी तो गरगर फिरवायचा आणि धारदार टूलने त्याला हवा तो आकार द्यायचा, म्हणजेच कातायचा, असं माझं काम. पन्नास वर्षं मी तेच करत आलो. सध्या मात्र माझ्याकडे काम नाही आणि ऐकणारंही कुणी नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवतोय.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लालबुंद लोखंड ओतलं आणि मी झालो. पण मला लगेच कामाला लावलं नाही. ओतीव लोखंडाच्या आत ताण अडकून राहतो, तो सावकाश निघून जावा म्हणून तिथले चांगले कारागीर ते वर्षभर अंगणात उन्हापावसात टाकून ठेवत. मीही तसाच पडून होतो. माझ्यावर कोंबड्या बसत. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण त्या वर्षाने माझी पाठ अशी सरळ केली की भले भले कारागीर पट्टी लावून बघत आणि मान डोलावत. थोडी बढाई मारतोय, पण या वयात तेवढी सूट मिळायला हरकत नाही.

मला विकत घेतलं मधुकररावांनी. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात लेखणी चालवायला म्हणून माळव्यात आले होते. कित्येक पिढ्यांनी शाईत बोटं बुडवली आणि या एकट्याला ग्रीसमध्ये बुडवायची हौस आली. घरच्यांनी नाकं मुरडली. मधुकररावांनी लक्ष दिलं नाही. मला मालगाडीतून उतरवलं तेव्हा त्यांनी नारळ फोडला आणि माझ्या कपाळावर, म्हणजे माझ्या मोटारीच्या झाकणावर, कुंकू लावलं. त्या दिवसापासून कारखान्याचा एक नियमच झाला. नवीन जातीचं काम तयार झालं की कुंकू लावल्याशिवाय ते दाराबाहेर जायचं नाही.

सुरुवातीची वर्षं आनंदाची होती. गावात कापड गिरण्या चालू होत्या. त्यांच्या यंत्रांचे दांडे, तेलघाण्यांचे शाफ्ट, विहिरींवरच्या पंपांचे भाग, काय काय माझ्या हातून गेलं. त्याच काळात यज्ञेश्वर माझ्याकडे आला. बावीस वर्षांचा, हडकुळा, नजर सतत खाली. पण त्याच्या उजव्या अंगठ्यात काहीतरी वेगळं होतं. कातलेल्या दांड्यावरून तो अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, "अजून अर्धा केस जास्त आहे." मोजून पाहिलं की तेवढंच निघायचं. मित्रांनो, यंत्राला आवडता माणूस नसतो असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुढे गावात पैसा आला, पण तो महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांबरोबर आला. हॉटेलं उभी राहिली, ई-रिक्षांनी रस्ते भरले. या सगळ्यात लोखंड कातायला कुणाला लागतंय? आमच्याकडे खिडक्यांच्या बिजागऱ्या आणि फाटकांचे खिळे येऊ लागले. यज्ञेश्वर तेही मन लावून करायचा, मला मात्र कंटाळा यायचा.

मधुकररावांची एकुलती एक मुलगी गौरी. लहानपणी एकवीस जूनला ते तिला वेधशाळेत न्यायचे, भर दुपारी आपली सावली पायाखाली गडप होते ती दाखवायला. परत येताना कारखान्यात थांबायचे आणि यज्ञेश्वरला सांगायचे, "कधीकाळी आपल्या गावावरून वेळ मोजायचे लोक. आणि आता? माझं घड्याळ दुरुस्तीला इंदूरला पाठवावं लागतं!" हसायचे, पण ते त्यांना लागत असे. आपल्या हातचा एक तरी तुकडा आकाशात जावा, अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी व्हायच्या आधीच ते गेले.

गौरी तेव्हा बंगळूरला उपग्रहांच्या कामात होती. वडील गेल्यावर ती परत आली. सगळ्यांना वाटलं, आली आहे ती कारखाना विकून टाकायला. तिच्या आईलाही, वासंतीबाईंनाही, तसंच वाटलं. पण गौरीने पहिल्याच सोमवारी माझ्यावरची धूळ पुसली, माझं तेल बदललं आणि यज्ञेश्वरला समोर बसवून चहा पाजला.

"काका, आता रॉकेट काही फक्त सरकारच नाही बनवत," ती म्हणाली. "छोट्या छोट्या कंपन्या निघाल्यात. त्यांना हजारो बारके पार्ट लागतात. कुठंतरी तर ते बनणारच ना? मग उज्जैनलाच का नाही?"

"रॉकेटनं आपल्याला काय मिळणार, बेटा?" यज्ञेश्वर म्हणाला. "पोट तर जमिनीवरच भरतं."

"तुमच्या साडूला शाजापूरला मोबाईलवर मेसेज येतो ना, आज सोयाबीन काढू नका, पाऊस आहे म्हणून? ती खबर वरच्या उपग्रहाकडूनच येते. जितके जास्त उपग्रह वर जातील, तितकं हे सगळं स्वस्त होईल. खेड्यात डॉक्टर नसला तर तिथे बसून इंदूरच्या डॉक्टरला दाखवता येईल. आणि काका, हे बनवणारे हात जर आपल्या गावचे असले, तर इथल्या पोरींना नोकरीसाठी पुण्याला नाही पळावं लागणार."

यज्ञेश्वरने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "मधुभाऊ असते तर नाचले असते." मला सगळं कळलं नाही, पण खिळ्यांपेक्षा बरं काहीतरी येतंय एवढं कळलं, आणि माझ्या जुन्या गिअरांना हुरूप आला.

गौरीचा बंगळूरचा एक सोबती, पराग, अशाच एका रॉकेटच्या कंपनीत माल तपासायच्या जागेवर होता. तिच्या शब्दावर कंपनीने आम्हाला चाळीस तुकड्यांचं काम दिलं, परीक्षा म्हणून. स्टीलचे, अंगठ्याएवढे, आरपार भोक असलेले जोड. रॉकेटच्या इंजिनात कमालीचा गार द्रव ऑक्सिजन ज्या नळ्यांतून वाहतो, त्या नळ्यांचे ते जोड होते. हे चाळीस पास झाले तर पुढे वर्षभराचं काम मिळणार होतं. नवं यंत्र येणार होतं, आणखी माणसं लागणार होती. नापास झाले तर आम्ही आणि आमचे खिळे. सगळ्या कारखान्याचा जीव त्या चाळीस तुकड्यांत अडकला होता.

यज्ञेश्वरने ते कसे कातले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. वय साठ, डोळ्यांना जाड चष्मा, पण अंगठा तोच. एकेका तुकड्याला तो अर्धा दिवस द्यायचा. माझ्या आवाजात जरा खरखर आली की थांबायचा, माझ्या पाठीवर थोपटायचा आणि टूलला पुन्हा धार लावायचा. चाळीसच्या चाळीस मापात उतरले. गौरीने मोजून पाहिले आणि तिथल्या तिथे खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पण मित्रांनो, माप बरोबर आलं म्हणजे काम संपलं असं नव्हतं. या तुकड्यांना तेलाचा नुसता वास लागलेलाही चालणार नव्हता. द्रव ऑक्सिजनच्या वाटेत तेलाचा बारीक डाग जरी राहिला, तरी भडका उडू शकतो आणि सगळं इंजिन फुटू शकतं. म्हणून गौरीने ऑफिसची खोली रिकामी करून तिला काचा लावल्या आणि तिथे तुकडे धुण्याची सोय केली. ते काम अश्विनीला दिलं.

अश्विनी पॉलिटेक्निक झालेली, नानाखेड्याला राहणारी मुलगी. वडील भुसावळहून बदली होऊन रेल्वेत इथे आले होते. ते वारल्यावर आईने साड्यांना फॉल-पिको करून घर चालवलं. ही पोरगी इतकी चोख, की या कामासाठी तिने बांगड्या काढून ठेवल्या, हाताला क्रीम लावणं सोडलं आणि डोक्याला तेल लावणंही बंद केलं. "आई म्हणते, केसांचा झाडू झालाय तुझ्या," असं सांगून स्वतःच हसायची. पांढरे हातमोजे घालून ती एकेक तुकडा चार वेळा धुवायची, वाळवायची, दुहेरी पिशवीत घालून पिशवीचं तोंड तापवून बंद करायची आणि चिठ्ठीवर सही करायची. चाळीस पिशव्या, चाळीस सह्या. तिच्या कॉलनीतल्या तीन मुली दिवाळीनंतर आमच्याकडे शिकायला येणार होत्या. त्यांच्या घरचे आधी नको म्हणत होते, पण अश्विनीला पाहून तयार झाले.

माल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होता. त्याच्या आधी आली खंडेनवमी.

हा आमचा सण. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि कुणी काम करत नाही. वासंतीबाई सकाळीच येऊन गेल्या. मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला आणि स्वयंपाक खोळंबलाय म्हणून माधव नगरला घरी परतल्या. गौरी खास खोकी आणायला इंदूरला गेली होती. अश्विनीला सुट्टी. मागे राहिला एकटा यज्ञेश्वर.

तो माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मग त्याची नजर काचेच्या खोलीकडे गेली. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला समजत होतं, कारण अडतीस वर्षांत मी त्याला फार जवळून पाहिलं होतं. फाटकाच्या खिळ्यालासुद्धा कुंकू लागलं होतं, आणि हे आकाशात निघालेले तुकडे तसेच कोरे जाणार? मधुभाऊंची इच्छा पुरी होत होती आणि त्यांच्याच नियमाला हरताळ?

किल्ली खिळ्याला होती. ती कुठे असते ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने साबणाने हात धुतले, हातमोजे घातले, तबक घेतलं आणि आत गेला. काचेतून मला सगळं दिसत होतं. गुळगुळीत स्टीलवर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून आमच्याकडे ते तिळाच्या तेलात कालवतात. त्याने एकेक पिशवी उघडली. प्रत्येक तुकड्याच्या एकाच जागी, अगदी मापून लावावा तसा, एक ठिपका लावला. डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला. मग गौरीचा नियम आठवून त्याने धुतलेल्या पंच्याने चाळीसही ठिपके पुसून काढले, तुकडे पिशव्यांत घातले आणि पिशव्यांची तोंडं पुन्हा नीट तापवून बंद केली. लाल रंगाचा मागमूस राहिला नाही. त्याच्या हिशेबी पूजाही झाली आणि मालही होता तसाच राहिला.

मी ओरडलो असतो, मित्रांनो. पण चक फिरवल्याशिवाय मला आवाज नाही, आणि त्या दिवशी मला कुणी चालू करणार नव्हतं. यज्ञेश्वर बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की माझीसुद्धा क्षणभर खात्री पटली, काही होणार नाही.

बारा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. तिथे जांभळ्या दिव्याखाली माल तपासतात, त्यात डोळ्यांना न दिसणारं तेल चमकतं. चाळीसच्या चाळीस तुकड्यांवर बोटाच्या टोकाएवढा तेलाचा डाग चमकला होता. माल नापास. पण खाली परागने लिहिलं होतं, की मापं उत्तम आहेत, असं कातकाम आम्ही क्वचित पाहतो. डाग कसा लागला याचं कारण दोन आठवड्यांत शोधून लेखी कळवा. कारण पटलं तर पुन्हा चाळीस तुकडे करायला देऊ.

गौरीने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मी यज्ञेश्वरकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

त्यानंतरचे दिवस आठवले की माझ्या आत काहीतरी अडतं. गौरीने आधी मला तपासलं, तेल कुठून गळतंय का ते बघायला. मी निर्दोष ठरलो, कारण माझ्यानंतर तुकडे चार वेळा धुतले गेले होते. मग तिने वासंतीबाईंना विचारलं. त्या काचेच्या खोलीकडे फिरकल्याही नव्हत्या. मग ती यज्ञेश्वरकडे वळली.

"काका, नवमीला तुम्ही तर आत नव्हता गेला ना?"

"मी कशाला जाईन बेटा तिथे?" तो म्हणाला, आणि माझ्या हँडलवर नसलेली धूळ पुसायला लागला.

अडतीस वर्षांत मी त्याला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. तो खोटं बोलण्यात फार कच्चा होता. कुणीही ओळखलं असतं. पण गौरीने त्याच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवली होती, तिला संशय घ्यायचाच नव्हता. उरली अश्विनी.

"ताई, महाकालाची शपथ, मी तर ग्लव्हज घातल्याशिवाय पिशवीलाही हात नाही लावला," अश्विनी म्हणाली.

"मग डाग काय हवेतून आला? टॅगवर सही तुझीच आहे ना?"

"सही माझीच आहे. म्हणून तर सांगते ना, की मी पॅक केले तेव्हा साफ होते."

"अश्विनी, एकदा चूक झाली असं बोलून टाक. मी काही खाणार नाहीये तुला."

"नाही झाली तर कसं बोलू?"

ती रडली नाही. गौरीला ते उर्मटपणाचं वाटलं. यज्ञेश्वर माझ्या पलीकडे पाठ करून उभा होता. त्याचा हात माझ्या अंगावर होता. एकदा त्याने घसा खाकरला. मला वाटलं, आता बोलेल. तो बोलला नाही. त्या संध्याकाळी अश्विनीने हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घातले, माझ्या शेजारून जाता जाता यज्ञेश्वरला "येते काका" म्हणाली आणि गेली. दिवाळीनंतर येणाऱ्या तिघींच्या घरून आठवड्याभरात नकार आला. कॉलनीत बातमी पोचली होती की अश्विनीने लाखमोलाचा माल बिघडवला.

मित्रांनो, यज्ञेश्वर वाईट माणूस नव्हता. तो रोज बोलायचं ठरवून यायचा. सकाळी मला तेल घालताना हळूच म्हणायचा, "आज सांगतोच." दुपारी डबा तसाच परत बांधायचा. मधुभाऊंच्या पोरीच्या नजरेतून उतरू, एवढीच त्याला भीती होती. आणि एकेक दिवस गेला तसं बोलणं जास्त जड झालं, कारण आता चुकीच्या जोडीला खोटंही कबूल करावं लागणार होतं, आणि त्याच्याही जोडीला अश्विनी.

दोन आठवडे संपायच्या आदल्या दिवशी गौरीने कंपनीला कळवलं, की कामगाराच्या निष्काळजीपणामुळे डाग लागले, त्या कामगाराला काढून टाकलं आहे. तिसऱ्या दिवशी परागचा फोन आला. गौरीच्या हातात मोजमापाची हत्यारं होती, म्हणून तिने फोन माझ्या पाठीवर ठेवून मोठा आवाज लावला. यज्ञेश्वर माझ्यापाशीच होता.

"गौरी, हे कारण आम्हाला पटत नाही," पराग म्हणाला. "निष्काळजीपणाचे डाग कुठेही पडतात. हे चाळीसही डाग एकाच जागी आहेत. कुणीतरी मन लावून, एकेक करून लावलेत. हे कसं झालं ते तुला माहीतच नाही."

"पराग, मी त्या मुलीला काढलंय. अजून काय करायला पाहिजे होतं मी?"

"कुणाला काढ असं आम्ही म्हटलंच नव्हतं. आमच्याकडेही डाग पडतात ग. माझ्या हातून एकदा आख्खी टाकी खराब झाली होती. मी त्याच संध्याकाळी सांगितलं, म्हणून आज या खुर्चीवर आहे. डाग पडला म्हणून काम काढून घेत नाहीये. तुमच्याकडे चूक झाली तर ती आम्हाला कळेल याचा भरवसा नाही, म्हणून काढून घेतोय. त्या इंजिनाच्या शेजारी माणसं उभी असतात."

फोन बंद झाला.

"मी लावलं," यज्ञेश्वर म्हणाला.

गौरीला कळलंच नाही. "काय?"

"कुंकू. नवमीला. मधुभाऊंचा नियम होता ना, म्हणून. पुसलं होतं मी, पूर्ण पुसलं होतं..." तो माझ्या पायाशी उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गौरी त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खूप हळू म्हणाली, "काका, दोन आठवडे होते. तुम्ही एवढंच बोलला असता, तर मी एवढंच लिहून दिलं असतं."

तिने लगेच परागला परत फोन लावला. त्याने ऐकून घेतलं. पण काम कोइमतूरच्या एका कारखान्याला देऊन झालं होतं. मुदतीनंतर आलेलं खरं कारण त्याला वापरता येणार नव्हतं.

मग अश्विनीला बोलावलं. ती दुसऱ्या दिवशी आली. देवास गेटजवळच्या एका हॉटेलात तिला नोकरी लागली होती, त्यांचा निळा कोट अंगात होता. केसांना चापूनचोपून तेल लावलेलं होतं. यज्ञेश्वरने तिच्यापुढे हात जोडले आणि सगळं सांगितलं. गौरी म्हणाली, "माझी चूक झाली अश्विनी. परत ये. रॉकेटचं काम नाही राहिलं, पण दुसरं काहीतरी आपण करूच."

"नाही ताई," अश्विनी म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा तुम्हाला पटलं नव्हतं. आता काकांनी सांगितलं म्हणून पटलं. उद्या परत काही झालं, तर परत कुणीतरी दुसऱ्यानं बोलायची वाट बघायची मी?"

मग ती यज्ञेश्वरकडे वळली. मला वाटलं, ती त्याला टाकून बोलेल. ती म्हणाली, "काका, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. दाखवून घ्या." आणि ती गेली. तिच्या आवाजात जराही राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

यज्ञेश्वर दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्याला कुणी काढलं नव्हतं. गौरी दोनदा त्याच्या घरी जाऊन आली. बायको दार उघडते आणि ते झोपलेत म्हणून सांगते.

आता कारखान्यात सिंहस्थासाठी घाटांवरचे कठडे जोडायचं काम चालतं. नळ्या कापायच्या आणि झाळायच्या, त्यात माझी गरज नाही, म्हणून माझ्यावर मेणकापड आलं. काचेच्या खोलीत वेल्डिंगच्या कांड्या ठेवतात. मागच्या महिन्यात त्या कंपनीचं रॉकेट उडालं. गौरीने ते मोबाईलवर पाहिलं, माझ्याच बाजूला उभी राहून. सगळं नीट झालं. कोइमतूरचे जोड चांगले निघाले असणार, मला त्यांचा हेवा वाटत नाही. त्या रॉकेटने वर नेलेला उपग्रह म्हणे पिकं, नद्या, गर्दी सगळं मोजणार आहे. त्याचा फायदा यज्ञेश्वरच्या साडूला होईल, घाटावरच्या पोलिसाला होईल, तुम्हालाही होईल. ते चांगलंच आहे. पण ती भरभराट आमच्या दारावरून निघून गेली. नानाखेड्याच्या तीन मुलींना ती दारात येऊन गेल्याचं कळलंही नाही.

गौरी माझ्यासाठी भंगारवाल्याला अजून बोलावत नाही. एखाद्या दिवशी बोलावेलच. त्याआधी एक मागणं आहे. जुनी यंत्रं पुसा, त्यांना तेल घाला, असं मी सांगायला हवं. घालाच. पण मी लोखंडाचा आहे, तेलावाचून गंजलो तर एक लेथ जाईल, एवढंच. तुम्ही मोठे होऊन कुठेकुठे काम कराल. आमच्यापेक्षा कितीतरी मोठी यंत्रं बनवाल, आभाळाच्या पार न्याल. तुमच्याही हातून एखादा ठिपका पडेल, कदाचित फार प्रेमाने पडेल. तेव्हा शेजारी कुणीतरी तुमच्या वाट्याचं ऐकून घेत उभं असेल. मी त्या नवमीला सगळं पाहिलं आणि गप्प राहिलो, कारण मला तोंड नव्हतं. मित्रांनो, तुम्हाला आहे.